कुत्रं गोळी थुंकून टाकतंय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात कोथरूडच्या आमच्या घरात दिवाणाखाली चार गोळ्या सापडल्या. ओलसर, कडेने विरघळलेल्या, तांबूच्या केसांत गुरफटलेल्या. तांबू आमची देशी कुत्री, वजन चौदा किलो. तिला गोचीड ताप झाला होता. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स सांगितला होता आणि मी कालनिर्णयच्या चौकटीत रोज खूण करत होते. ती मात्र गोळी गालात धरायची, माझ्यासमोर जीभ फिरवायची आणि आत जाऊन दिवाणाखाली टाकून यायची. प्लेटलेट का वाढत नाहीत, याचं उत्तर त्या दिवशी केर काढताना मिळालं.

पुण्यात कुत्रं पाळणाऱ्या अनेक घरांना हा ताप कधी ना कधी गाठतोच. सगळे टेकडीवरच्या गवताला दोष देतात, पण कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, पार्किंगच्या कोपऱ्यात, अंथरुणाच्या शिवणीतही राहते. त्यामुळे लांबलचक कोर्सची वेळ येते आणि तिथेच बहुतेकांची दमछाक होते. सकाळी वेताळ टेकडीवर भेटणाऱ्या मंडळींशी बोलले तेव्हा लक्षात आलं, आम्ही सगळे त्याच त्या चुका करत होतो. गोळी कडू असते हे खरंच, पण कुत्र्याला खरी धास्ती बसते ती फसवलं गेल्याची. एकदा आपल्या हातावरचा आणि ताटलीवरचा त्याचा विश्वास गेला की कोर्सचे उरलेले दिवस फार जड जातात. म्हणून खाली जे लिहितेय ते सगळं तो विश्वास कसा राखायचा याबद्दलच आहे.

श्रीखंड, पनीर, पेढा

"अगं, श्रीखंडात घालून दे, कळणारसुद्धा नाही तिला," असं आमच्या सासूबाई म्हणाल्या आणि मी तेच केलं. पहिले तीन दिवस तांबूने बोट चाटून खाल्लं. चौथ्या दिवसापासून श्रीखंड पोटात आणि गोळी दिवाणाखाली. पण त्याहून मोठी चूक मला डॉक्टरांनी दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कशातून देताय?" श्रीखंड म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

डॉक्सिसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतं. जेवढं चिकटलं तेवढं रक्तात न जाता विष्ठेवाटे बाहेर पडतं. म्हणजे गोळी गिळली तरी डोस पूर्ण पोचला असं म्हणता येत नाही. दूध, दही, चक्का, पनीर, चीज, पेढा, सगळं यात आलं. एन्रोफ्लॉक्सासिन हे कुत्र्यांना नेहमी दिलं जाणारं अँटिबायोटिकही असंच वागतं. आणि इथे एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते: गोचीड तापात रक्त कमी झालेलं असतं म्हणून लोहाचं टॉनिक दिलेलं असतं, घरात कॅल्शियमचं सिरप आधीपासून असतं, आणि आपण सोयीसाठी सगळं एकाच वेळी उरकतो. लोहही या औषधाला तसंच अडवतं. अँटिबायोटिक आणि ही टॉनिकं यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. किती ठेवायचं ते आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या, चिठ्ठीवर लिहून मागा.

मग द्यायचं कशातून? उकडलेल्या चिकनचा तुकडा, कलेजीचा बोराएवढा गोळा, उकडलेलं अंडं. घरात मांसाहार नसेल तर उकडलेलं रताळं किंवा बटाटा उत्तम. तो हाताने वळता येतो आणि गोळीभोवती घट्ट बसतो. केळ्याचा तुकडाही काहींना चालतो. पोळीचा मलिदाही चालतो, फक्त त्यात तुपाची धार नको. ज्यांना स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलाय अशा कुत्र्यांना तुपकट घास महागात पडतो. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर खारट आणि प्रथिनांनी भरलेलं काय चालेल, तेही विचारूनच ठरवा.

काही पदार्थ मात्र औषधापुरतेसुद्धा नकोत. मनुके आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि गणपतीच्या दिवसांत शिऱ्याचा किंवा लाडवाचा घास "एवढासाच" म्हणून दिला जातो, त्यात ते असतातच. चॉकलेट नको. कांदा-लसूण घातलेल्या रश्श्यात बुडवलेली पोळी नको: कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचीड तापाच्या कुत्र्याकडे त्या आधीच कमी असतात. विकतचं पीनट बटर वापरणार असाल तर डबीवरची बारीक अक्षरं वाचा. शुगर-फ्री प्रकारात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असू शकतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धोकादायकरीत्या उतरते आणि लिव्हरलाही इजा होते. घरी शेंगदाणे भाजून, मीठ-साखर न घालता वाटलेला गोळा बिनधोक.

जेवणाच्या भांड्यात मिसळू नका

हा उपाय सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. कुत्रं भातभर नाक फिरवतं, गोळी नेमकी बाजूला काढतं, हे एक झालं. गोळी विरघळली असेल आणि त्याने निम्मंच जेवण खाल्लं तर किती औषध गेलं हे कोणीच सांगू शकत नाही, हे दुसरं. पण खरा घात पुढे होतो. आजारी कुत्र्याला भूक आधीच नसते, मळमळतही असतं. अशात जेवणाला एकदा कडू चव लागली की ते भांड्यापाशी यायचंच बंद होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅब्राडोरने असंच दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं आणि शेवटी सलाईनची वेळ आली. जेवण जेवणाच्या जागी, औषध औषधाच्या जागी.

कुटून देणं हीसुद्धा याच जातीची चूक. जुलाबावर दिली जाणारी मेट्रोनिडाझोलची गोळी एकदा फोडून जिभेच्या टोकाला लावून पाहा, मग कुत्र्याच्या तोंडाला फेस का येतो ते कळेल. तो फेस पाहून लोक रिॲक्शन समजून घाबरतात. बहुतेकदा तो निव्वळ कडवटपणाने सुटलेल्या लाळेचा असतो आणि थोड्या वेळात थांबतो. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली तर गोष्ट वेगळी, लगेच डॉक्टरांकडे न्या. पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीवरच्या गोळ्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं. ती कुटली की तिचा उपयोगच जातो. अर्धी करायची असेल तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कटरने करा, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. फारच कडू गोळी असेल तर जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून देता येते.

तीन घासांची युक्ती

आमच्याकडे परिस्थिती फिरली ती इथून, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कुत्र्याला आधी कळतं ते गोळीच्या पाकिटाच्या आवाजाने. तो चुरचुर आवाज झाला की तांबू पलंगामागे. मग आम्ही "तांबू, ये ये, शहाणी ना माझी" करत मागे. तिला हाका मारून, पकडून, ओढून आणलं आणि तोंडात गोळी कोंबली. चार दिवसांत तिने नावाला ओ देणंच सोडलं. हे मनाला फार लागलं. आता मी सकाळी ती फिरायला गेलेली असतानाच गोळी पाकिटातून काढून स्टीलच्या छोट्या डबीत ठेवते. नावाने हाक मारून औषधासाठी कधीच बोलवत नाही, मी तिच्यापाशी जाते.

घास करतानाही एक गंमत आहे. ज्या बोटांनी गोळी धरली त्याच बोटांनी घास लिंपला तर बाहेरून औषधाचा वास येतो आणि तिच्या नाकापुढे आपलं काही चालत नाही. गोळी चमच्याने रताळ्यात खुपसायची आणि कोरड्या, स्वच्छ हाताने घास बंद करायचा.

मग ताटलीत एकसारखे तीन घास. सुपारीएवढे, चावावे लागणार नाहीत इतके लहान. पहिला साधा. दुसऱ्यात गोळी. तिसरा साधा, आणि दुसरा तोंडात जाताना हा तिसरा नाकापुढे दिसलाच पाहिजे. पुढचा घास मिळवण्याच्या घाईत ती आधीचा न चावता गिळते. सगळी मदार या वेगावर आहे. थांबून, डोळे रोखून "गिळलंस का?" असं पाहत बसलात तर ती थांबते, जिभेने घास उलगडते आणि गोळी बाहेर येते. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला शेजारी बसवून त्यालाही साधे घास द्या, चढाओढीने काम पटकन होतं. गोळी चुकून त्याच्या पोटात जाणार नाही, इतकं अंतर मात्र ठेवा.

आणि जेव्हा औषध नसतं तेव्हाही दिवसातून एक-दोनदा हेच तीन घास साधे द्या. आम्ही आठवडाभर हे केलं. रताळ्याचा घास म्हणजे औषध, हे समीकरण तिच्या डोक्यात पक्कं होऊ दिलं नाही.

तोंड उघडून द्यावी लागली तर

काही औषधं रिकाम्या पोटीच द्यायची असतात, काही कुत्री खातच नसतात, तेव्हा हाताने द्यावी लागते. इथली नेहमीची चूक म्हणजे नाक दाबून धरणं आणि दोघा-तिघांनी मिळून जमिनीवर दाबणं. त्याने कुत्रं घाबरतं आणि घाबरलेलं कुत्रं चावतं.

कुत्र्याला कोपऱ्यात, त्याची पाठ भिंतीकडे करून बसवा. तुम्ही समोर उभं न राहता बाजूला बसा. डावा हात डोक्यावरून पुढे आणून वरचा जबडा धरा, अंगठा एका सुळ्यामागे आणि बोटं दुसऱ्या सुळ्यामागे. नाक थोडं वर केलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत गोळी धरून मधल्या बोटाने पुढचे बारीक दात हळूच खाली दाबा. गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यापलीकडे, अगदी मधोमध ठेवा. बाजूला पडली तर ती परत येणार. तोंड मिटवा, नाक लगेच सरळ पातळीवर आणा, गळ्यावरून बोटं फिरवा. नाक चाटलं म्हणजे बहुधा गिळलं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहू शकते, आणि डॉक्सिसायक्लिन तिथे अडकलं तर आतून भाजल्यासारखी जखम करतं. म्हणून गोळीमागून लगेच ओला घास, किंवा सिरिंजने पाच-सहा मिली पाणी. पाणी असो वा सिरप, सिरिंजचं टोक गालाच्या आत, दातांच्या बाजूला ठेवायचं आणि थोडं थोडं सोडायचं. डोकं आकाशाकडे करून सरळ घशात ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. सुईची सिरिंज वापरताना सुई काढलीय ना, हे दरवेळी पाहा.

वेळ, उलटी आणि अर्धवट सोडलेला कोर्स

पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि दुखण्यावरची मेलॉक्सिकॅम जेवणानंतर, हृदयाचं पिमोबेंडान जेवणाच्या तासभर आधी. डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी दिलं तर अनेकांना मळमळतं, म्हणून ते जेवणासोबत, फक्त दुधाविना. गोळीनंतर उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी देऊ नका. उलटीत गोळी दिसली का आणि किती मिनिटांनी झाली, हे डॉक्टरांना फोनवर सांगा. एक डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट करायचा नाही. फिट्सवरचं फेनोबार्बिटोन आणि प्रेडनिसोलोन ही तर अचानक बंद करण्याची औषधं नव्हेतच.

गोचीड तापात दोन-तीन दिवसांत कुत्रं उठून खेळायला लागतं. नेमकं तेव्हाच "बरी झाली की ती" म्हणून औषध थांबवलं जातं आणि महिन्याभराने तोच ताप परत येतो. तांबूच्या बाबतीत ती दिवाणाखालची चार गोळ्यांची तूट डॉक्टरांना खरंखरं सांगितली. रागावतील या भीतीने लपवलं असतं तर त्यांनी औषध लागू पडत नाही असं समजून वेगळंच काही दिलं असतं.

घरातली माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ताप उतरवायला देण्याचा मोह कृपा करून टाळा. कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकतात.

एवढं करूनही जमत नसेल तर

आधी तोंडात डोकावून पाहा. आजवर बिनबोभाट गोळी घेणारं कुत्रं एकाएकी डोकं झटकायला लागलं तर हिरडी सुजलेली असू शकते, दात हललेला असू शकतो. घास तोंडात घेऊन टाकून देत असेल, ओठ चाटत असेल, लाळ गळत असेल तर मळमळ असेल, आणि मळमळीवर आधी इलाज केला की गोळीचं भांडण निम्मं मिटतं. गुरगुरतंय, दात दाखवतंय, तर तिथेच थांबा. त्या दिवशीचा हट्ट पुढच्या तीन आठवड्यांना भोवतो. डॉक्टरांना विचारा: हेच औषध सिरपमध्ये मिळेल का, दिवसातून दोनदाऐवजी एकदा देता येईल का, इंजेक्शन चालेल का? बऱ्याचदा यातलं काहीतरी निघतं, फक्त आपण विचारत नाही.

घरात औषध देणारे दोघं-तिघं असतील तर एकच जागा ठरवा जिथे नोंद होईल. आमच्याकडे सासूबाई सकाळी सातला देतात, मी रात्री आठला. एकदा दोघींनीही सकाळची दिली होती. तेव्हापासून कालनिर्णयच्या प्रत्येक चौकटीत दोन खुणा असतात, "स" आणि "रा", आणि खूण करायची ती गोळी काढल्यावर नव्हे, तांबूने नाक चाटल्यावर.