जुन्या गाडीच्या दरवाज्याचं लेदर पॅनल: नवीन चामडं घालण्याआधी या चुका टाळा

पॅनलचं लेदर खालून सुटलंय, फुगलंय, कडेला काळपट झालंय आणि तुम्ही गाडी घेऊन कुशनवाल्याकडे निघालात, तर जरा थांबा. आधी दरवाजा उघडून पॅनलची खालची कड बोटांनी दाबून बघा. मऊ लागली, भिजलेल्या बिस्किटासारखी, तर तुमचा प्रॉब्लेम लेदरचा नाहीच, लेदर बिचारं शेवटी खराब होतं, आधी त्याच्या मागचा पुठ्ठा गेलेला असतो.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण माझ्या गाडीची पॅनल्स मला दोनदा करावी लागली. गाडी १९९६ ची मर्सिडीज, डब्ल्यू१२४ मॉडेल, पुण्यात जोडलेल्या त्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी, पार्किंग उघड्यावर, दादरला. पहिल्या वेळी चांगलं चामडं आणलं, शिलाई सुंदर झाली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ऑगस्ट येईपर्यंत चारही दरवाज्यांची खालची चार-चार बोटं परत वर आली. उघडून बघितलं तर लेदर ठणठणीत होतं, आतला पुठ्ठा ओलाचिंब.

पाणी येतं कुठून ते आधी समजून घ्या

बहुतेकांना वाटतं की दरवाजा आतून कोरडा असतो. नसतो. काचेच्या बाहेरच्या अंगाला जी रबरी पट्टी असते ती काच पुसते, पाणी अडवत नाही, त्यामुळे पावसात पाणी काचेवरून घसरत सरळ दरवाज्याच्या पोटात जातं आणि तळाला असलेल्या भोकांमधून रस्त्यावर गळून जातं, गाडी बनवतानाच तसं ठरवलेलं असतं. आता पत्रा आणि पॅनल यांच्या मध्ये एक प्लास्टिकचा पडदा असतो, कडेनं काळ्या चिकट डिंकासारख्या ब्युटाइलनं चिकटवलेला. पॅनलला वाचवणारी एवढी एकच गोष्ट आहे. आणि पंचवीस-तीस वर्षांत कधीतरी काच उचलायची मशीन बिघडते, कोणीतरी दरवाजा उघडतो, तो पडदा फाडतो, काम संपलं की अर्धवट टाकतो नाहीतर काढूनच टाकतो, कारण पॅनल लावल्यावर दिसतंय कोणाला. माझ्या चारपैकी तीन दरवाज्यांत पडदा नव्हताच, चौथ्यात होता तो मधोमध फाटलेला.

नवीन पडदा करणं अजिबात अवघड नाही. पावसाळ्यात पत्र्यावर टाकतात तसलं जाड प्लास्टिक घ्या, दरवाज्यावर धरून मार्करनं आकार काढा, हँडल, वायर आणि क्लिपांसाठी जेवढ्यास तेवढं कापा, ब्युटाइल टेपनं कडा दाबून चिकटवा. पण खरी गंमत खालच्या कडेची आहे आणि तिथेच जाणकार माणूसही चुकतो. खालची कड पत्र्याच्या बाहेरून चिकटवायची नसते, पत्र्याला खाली जी लांबट फट असते तिच्यातून ती आत, दरवाज्याच्या पोटात सोडायची, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी परत आत पडतं आणि भोकातून निघून जातं. बाहेरून चिकटवलीत तर तेच पाणी पडद्याच्या तळाशी साचून तुमच्या नव्या पॅनलवर येणार, म्हणजे पडदा असून नसल्यासारखा. आणि ब्युटाइलऐवजी आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं ॲसिड उघड्या पत्र्याला गंज आणतं आणि पुढच्या वेळी पडदा न फाटता निघतही नाही.

तळाची भोकं साफ करा. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो, केबल टाय पुरते. मग पॅनल बाहेरच ठेवून काच पूर्ण वर करा, बाहेरून बाटलीनं काचेवर पाणी सोडा आणि आत बसून बघा, पडद्याच्या कडेनं एक थेंबही इकडे यायला नको आणि खालून धार लागायला हवी. ही टेस्ट झाल्याशिवाय लेदर विकत घ्यायला जाऊच नका, कितीही घाई असू दे.

पॅनल काढताना

क्लिपा तुटणार, हे धरून चाला आणि आधीच वीसेक घेऊन ठेवा, जुनी एक क्लिप खिशात घालून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर मापाची मिळते. प्लास्टिकची चिमट्यासारखी पट्टी क्लिपच्या अगदी जवळ घालून उचला, लांबून ओढलंत तर क्लिप दरवाज्यात राहते आणि पुठ्ठ्याचा तुकडा निघून हातात येतो. कुठे अडलं तर जोर लावू नका, एखादा स्क्रू लपलाय असं समजा, हात टेकायच्या भागाखाली, हँडलच्या वाटीत, दिव्याच्या मागे. खालच्या क्लिपा सुटल्या की बऱ्याच जुन्या गाड्यांत पॅनल स्वतःकडे न ओढता वर उचलायचं असतं, कारण वरची कड काचेपाशी पत्र्यावर अडकवलेली असते. आणि गाडी जरा अलीकडची असेल, दरवाज्यात एअरबॅग असेल, तर बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढा वेळ थांबल्याशिवाय कुठलाही पिवळा कनेक्टर हलवू नका, आणि वायर सुटलेली असताना इग्निशन ऑन करू नका.

एक गोष्ट नक्की करा, काढण्याआधी आणि काढल्यावर मोबाइलवर फोटो काढा. चार दरवाज्यांचे स्क्रू चार डब्यांत.

ते खरंच लेदर आहे का?

हे विचारायला लोकांना कमीपणा वाटतो, पण कंपनीनं "लेदर सीट" म्हणून विकलेल्या गाड्यांमध्येही दरवाज्याचं कापड बऱ्याचदा रेक्झिन असतं, किंवा वरचा पट्टा लेदर आणि खालचा रेक्झिन. वरून कळत नाही. मागे दुमडलेली कड उलटी करून बघा, लेदर असेल तर मागून मखमलीसारखे तंतू दिसतात, रेक्झिनला मागे विणलेलं कापड असतं. माझ्या गाडीत सगळं लेदर समजून चाललो होतो, खालचा अर्धा भाग रेक्झिन निघाला. फरक पडतो, कारण रेक्झिन हीट गननं मऊ होऊन वळणावर छान बसतं आणि लेदरला तीच गरमी दिली की ते आकसतं, कडक होतं आणि परत कधीच पहिल्यासारखं होत नाही. लेदर ताणायचं असेल तर मागच्या बाजूनं किंचित दमट करा, हातानं हळूहळू ओढा, वेळ द्या.

धारावीत चामडं घ्यायला गेलात तर बॅगांसाठीचं जाड चामडं कितीही देखणं दिसलं तरी घेऊ नका. पॅनलला ०.८ ते १ मिमी पुरे, त्याहून जाड कोपऱ्यावर दुमडतच नाही. कातड्याच्या पोटाकडचा भाग ढिला असतो, तो जास्त ताणतो आणि नंतर सुरकुततो, म्हणून मोठे तुकडे पाठीकडून कापून घ्या. रंग जुळवायला जुन्या पॅनलचा तुकडा सोबत न्या, पण उन्हात विटलेला नको, हँडलच्या वाटीखाली झाकलेला असतो तो, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळला म्हणून पैसे देऊ नका, रस्त्यावर उजेडात येऊन बघा.

पुठ्ठा आणि फोम

जुना पुठ्ठा फुगला असेल तर तो वाळवून, दाबून परत वापरायचा मोह सोडा. एकदा फुगलेला हार्डबोर्ड सपाट दिसला तरी त्याचा जीव गेलेला असतो, क्लिप धरत नाही. २६ जुलै २००५ ला पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची पॅनल्स अजून कुठे कुठे बघायला मिळतात, बुडाली होती तिथपर्यंत लाटेसारखी रेघ असते आणि तिच्याखाली नखानं पोपडा निघतो.

नवीन बोर्ड ३ मिमीच्या आसपासचाच घ्या, मूळ बोर्ड होता तेवढा. मजबूत व्हावा म्हणून कोणी ६ मिमीचा प्लाय सुचवेल, नाही म्हणा, क्लिपची मान तेवढी लांब नसते, ती लॉकच होत नाही. भोकं सगळी आधी पाडा, जुना पुठ्ठा वर ठेवून, आणि डाव्याचा साचा उजव्याला वापरताना उलटा करायचा हे बोर्डवर पेननं लिहूनच ठेवा, कारण दोन्ही पॅनल्स एकाच बाजूची कापली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मग बोर्डाच्या दोन्ही बाजू, कडा आणि प्रत्येक भोकाच्या आतली कड वार्निशनं किंवा ऑइल पेंटनं दोन हात द्या. पाणी कडेतूनच आत शिरतं, म्हणून सपाट भागापेक्षा कडेला जास्त जीव लावा.

फोमबद्दल माझं आणि माझ्या पहिल्या कुशनवाल्याचं जमलं नव्हतं. मी नसताना त्यानं १० मिमीचा फोम घातला, गुबगुबीत दिसावं म्हणून, आणि मनापासून घातला असणार, पण लॉकची खुंटी फोममध्ये रुतून बसली, दाबली की वर येईना. ३ मिमी बस्स झाला. जुना फोम भुकटी झालेला असतो, तो पूर्ण खरवडून काढा, त्या भुकटीवर चिकटवायचं कुठलंही सोल्यूशन धरत नाही.

चिकटवताना

बरीच पॅनल्स इथे फसतात. पांढरा फेविकॉल लाकडासाठी आहे, इथे चालत नाही. फेविकॉलच्याच एसआर ९९८ सारखं रबरी सोल्यूशन लागतं, आणि ते दोन्ही बाजूंना लावायचं, पातळ, आणि थांबायचं. किती थांबायचं तर बोटाची पाठ टेकवून बघा, चिकट लागतं पण बोटाला येत नाही, तेव्हा जोडायचं, साधारण दहा-पंधरा मिनिटं. ओलं असतानाच जोडलंत तर आत अडकलेलं सॉल्व्हंट, म्हणजे सोल्यूशनमधला उडून जाणारा द्रव, मे महिन्याच्या उन्हात बाहेर यायला बघतं, लेदरला फुगे येतात, डाग वर दिसतात. बंद गाडी उन्हात उभी असली की आतलं तापमान ६० अंशांपर्यंत जातं, काचेजवळची वरची कड त्याहून तापते, म्हणून त्या कडेला सोल्यूशनचे दोन पातळ थर द्या आणि लेदर मागे नीट दोन-तीन सेंटीमीटर दुमडा.

हे काम जुलैत करू नका, हात जोडून सांगतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि मुंबईच्या दमट हवेतली वाफ त्यावर बारीक दवासारखी बसते, सोल्यूशन जरा दुधाळ दिसायला लागतं. तसं दिसलं की जोडू नका, पुसून परत लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सीझन. आणि खिडक्या उघड्या ठेवून करा, वास डोक्यात जातो, जवळ देवाचा दिवाही नको.

दुमडायच्या कडेला लेदर रापीनं, म्हणजे चामडं छिलायच्या सुरीनं, मागून छिलून पातळ करा. माझी दुसऱ्या वेळची पॅनल्स ज्या चाचांनी केली ते आधी फरशीचा तुकडा मांडीवर घ्यायचे, त्यावर लेदर उलटं टाकायचे आणि रापी जवळजवळ आडवी धरून कड अशी काढायचे की छिललेली साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायची. कोपऱ्याला त्यांनी नऊ बारीक चुण्या घातल्या, पुढून बघितलं तर एकही दिसत नाही. मी मोजल्या म्हणून माहितीय. शिलाईला दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा घ्या, सुती दोरा ओलीत कुजतो, आणि टाके फार जवळ नको, भोकं जवळजवळ पडली की लेदर पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं.

बदलायचं नसेल, नुसतं सुधारायचं असेल

पुठ्ठा कडक आहे, लेदर फक्त विटलंय, बारीक तडे गेलेत, तर बदलू नका, मूळ चामडं वाचवण्यात जी मजा आहे ती नव्यात नाही. पण खोबरेल तेल लावू नका. आई-आजीनं चपलांना लावलेलं आपण पाहिलंय, पण गाडीच्या लेदरवर रंगाचा आणि वर प्लास्टिकसारखा थर असतो, तेल आत जात नाही, वर राहून धूळ धरतं, खवट होतं. बुटाचं पॉलिशही नको, ते शर्टाच्या बाहीला लागतं. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे तर मुळीच नको, त्यातल्या सिलिकॉनवर नंतर रंग बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. आधी मारलेला असेल तर रंगाआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन-तीनदा पुसा, दर वेळी नवीन फडकं घेऊन.

लेदरवर पांढरी भुकटी दिसली की सगळे बुरशी म्हणतात. हेअर ड्रायर लांबून, कमी गरमीवर फिरवा. विरघळून गायब झाली तर ती लेदरमधली चरबी वर आलेली आहे, पुसून टाका, काळजी नाही. तशीच राहिली आणि कुबट वास येतोय तर बुरशी, मग गाडी उन्हात चारही दरवाजे उघडे टाकून वाळवा, अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, आणि परत पहिल्या मुद्द्यावर या, पडदा बघा.

लावल्यावर काय काय होऊ शकतं

खड्ड्यात खडखड येत असेल तर एखादी क्लिप बसलेली नाही, चालत्या गाडीत शेजारच्याला तळहातानं पॅनल दाबत जायला सांगा, आवाज थांबला तिथे. काच हळू चालायला लागली तर मोटरवर जाण्याआधी वरच्या कडेचं दुमडलेलं लेदर आतल्या रबरी पट्टीला घासतंय का बघा. आठवड्यानं मधेच सुरकुती आली तर लेदर तिथे ताणायचं राहिलंय, इस्त्री नका फिरवू, खालची दुमड उघडून परत ओढून घ्या. ब्रेक मारला की दरवाज्यात चुळूक-चुळूक पाणी हललं तर भोक परत बुजलंय, त्याच दिवशी साफ करा.

यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन खाली गेलो. चारही दरवाज्यांखाली फरशीवर बारीक धार पडत होती. दरवाजा उघडला, पॅनलच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कोरडं.