कोबाल्टचा अतिपातळ थर क्ष-किरणांखाली पाहताना

ताळगावच्या पठारावर पावसाळा लागला की विद्यार्थ्यांना मी आधी हेच बजावतो: कोबाल्टवर 2 नॅनोमीटर ॲल्युमिनियम चढवल्याशिवाय नमुना निर्वात कक्षाबाहेर काढायचा नाही. आपल्या गोव्याच्या दमट हवेत कोबाल्टचा थर लगेच ऑक्सिडाइज होतो. ॲल्युमिनियम फार जाडही नको. क्ष-किरण पडल्यावर नमुन्यातून जे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यांच्यापासून आपला सूक्ष्मदर्शक प्रतिमा बनवतो, आणि ते वरच्या काही नॅनोमीटरमधूनच सुटतात.

सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या प्रवेगक यंत्रावर) किरणांची ऊर्जा कोबाल्टच्या एल-3 कडेला, म्हणजे कोबाल्टचं शोषण एकदम वाढतं त्या ऊर्जेला, सुमारे 778 इलेक्ट्रॉन व्होल्टला लावा. डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणात (किरणांचं विद्युत क्षेत्र डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरतं तेव्हा) एकेक प्रतिमा घ्या. धुळीचा एखादा कण धरून दोन्ही नीट जुळवा, मग वजाबाकीला बेरजेने भागा. काळे-पांढरे पट्टे उमटतील, ते चुंबकी डोमेन, म्हणजे चुंबकनाची दिशा एकच असलेले भाग. राखाडी भागात चुंबकत्व नाही असं मात्र समजू नका! तिथे चुंबकनाची दिशा किरणांशी काटकोनात असू शकते. नमुना 90 अंश फिरवून पुन्हा बघाच.