इंग्रजीतला ‘लेट’ रोजच्या वाक्यात बरोबर कसा वापरायचा

लेट हा शब्द आपण नागपुरात दिवसभर बोलतो, गाडी लेट आहे, लाइटचं बिल लेट भरलं, पोरगा रोज लेट घरी येऊन राहिला, आणि इतका तोंडात बसलेला असल्यामुळेच इंग्रजी बोलताना तो चुकतो. मराठीत आपण त्याला होणं नाहीतर करणं जोडतो, लेट झालं, लेट केलं, आणि तीच सवय घेऊन इंग्रजी वाक्यात शिरतो. इंग्रजीत लेट हे विशेषण आहे आणि त्याच्या आधी साधं ॲम, इज, आर, वॉज, वेअर नाहीतर बी लागतं. सुरुवात तिथूनच करा.

पहिलं काम, ‘मला’ काढून ‘मी’ आणा. मला लेट झालं म्हणजे ‘आय वॉज लेट’. लेट करू नको म्हणजे ‘डोन्ट बी लेट’, ‘डोन्ट डू लेट’ असं काही नसतं. ट्रॅफिकमुळे मला लेट झालं हे ‘द ट्रॅफिक मेड मी लेट’ असं छान बसतं. आणि मला लेट होऊन राहिलं याला ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणा. आपल्याकडे सगळे ‘आय ॲम गेटिंग लेट’ म्हणतात आणि इथे समजतंही, पण बाहेरच्या देशातल्या माणसाला ते खटकतं, त्याच्यासाठी गेटिंग लेट होते ती वेळ, म्हणजे ‘इट्स गेटिंग लेट, लेट्स गो होम’, रात्र होत चालली, चला घरी.

आमच्या शेजारची मुलगी मिहानमधल्या एका कंपनीत आहे, सीताबर्डीला मेट्रोच्या ॲक्वा लाइनवरून उतरून खापरीकडे जाणारी ऑरेंज लाइन पकडते. एकदा मेट्रो चुकली तेव्हा तिने साहेबांना टाकायच्या आधी मेसेज मला दाखवला, ‘सर आय ॲम गेटिंग लेट, आय विल कम लेटली’. आम्ही तो असा केला, ‘सर, आय ॲम रनिंग ट्वेन्टी मिनिट्स लेट’. किती वेळ ते लेटच्या आधी ठेवायचं, ट्वेन्टी मिनिट्स लेट, टू अवर्स लेट, हीच सगळ्यात सरळ रचना आहे. नागपूर स्टेशनवर अनाउन्समेंटमध्ये ‘रनिंग लेट बाय’ ऐकू येतं, तेही चूक नाही, पण बोलताना वेळ आधी घेतली की वाक्य हलकं होतं.

आता त्या मेसेजमधलं लेटली, कारण हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. शाळेत शिकवलेलं असतं की क्रियाविशेषण करायचं तर शेवटी ली लावा, स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, म्हणून पोरं लेटचं लेटली करतात. पण लेट क्रियाविशेषण म्हणूनही लेटच राहतो, ‘ही केम लेट’, ‘वी एट लेट’. लेटली म्हणजे हल्ली, अलीकडे. ‘आय हॅव बीन बिझी लेटली’ म्हणजे हल्ली मी कामात आहे. त्यामुळे ‘आय विल कम लेटली’ ला काही अर्थच उरत नाही, आणि इंटरव्ह्यूत असं वाक्य गेलं की समोरचा तिथेच अडखळतो.

पुढचा शब्द कोणता घ्यायचा हे दोन वाक्यांत संपतं. जिथे पोचायचं त्याला फॉर लावा, ‘लेट फॉर वर्क’, ‘लेट फॉर द एक्झाम’. जे द्यायचं राहिलं त्याला विथ, ‘आय ॲम लेट विथ द रेंट’.

टू लेट आणि व्हेरी लेट यात मात्र थांबून विचार करा. आपण खूप या अर्थाने सर्रास टू लावतो. व्हेरी लेट म्हणजे बराच उशीर, पण काम अजून होऊ शकतं. टू लेट म्हणजे वेळ निघून गेली, आता उपयोग नाही. ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी खिडकी बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी पोचलात तर ‘आय वॉज व्हेरी लेट, बट दे टूक माय फॉर्म’. खिडकी बंद झाल्यावर पोचलात तर ‘आय वॉज टू लेट’, याच्यापुढे फॉर्मचं काय झालं हे सांगायचीसुद्धा गरज नाही, ते त्या टूमध्येच आलं.

यानंतर लेटचा तो उपयोग शिका जिथे उशीर हा अर्थच नसतो, एखाद्या काळाचा शेवटचा भाग एवढाच असतो. आपला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो, म्हणजे ‘इन लेट मे’, ‘नागपूर इज व्हेरी हॉट इन लेट मे’. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तर ती ‘इन द लेट नाइन्टीन्थ सेंच्युरी’. वयालाही चालतं, २७ ते २९ वर्षांच्या मुलीबद्दल ‘शी इज इन हर लेट ट्वेन्टीज’, बायोडाटा लिहिणाऱ्यांना हे फार कामाचं आहे. आणि काल रात्री उशिरा याला ‘येस्टरडे लेट नाइट’ नका म्हणू, ‘लेट लास्ट नाइट’ म्हणा.

एक उपयोग नाजूक आहे, तो जपून करा. नावाआधी किंवा नात्याआधी लेट आला की माणूस वारलेला आहे, जसं आपण पत्रिकेत स्व. लिहितो. ‘माय लेट फादर’ म्हणजे माझे दिवंगत वडील, आणि ‘माय फादर इज लेट’ म्हणजे बाबांना यायला उशीर झाला. जागा बदलली की एवढा फरक पडतो, त्यामुळे वडील नसलेल्या मुलाने इंटरव्ह्यूत दुसरं वाक्य म्हटलं तर समोरचे त्यांची वाट बघत बसतील. सोपा मार्ग म्हणजे सरळ ‘माय फादर पास्ड अवे’ म्हणायचं. वाक्यात नाव असेल तर आधी द लावा, द लेट अमुक. आणि हा शब्द गेल्या काही वर्षांत गेलेल्या माणसांसाठी असतो, दीक्षाभूमीवर निबंध लिहिताना बाबासाहेबांच्या नावाआधी किंवा शिवाजी महाराजांच्या नावाआधी लेट लावायचा नाही, इतिहासातल्या माणसांना तो लावत नाहीत.

ऑफिसातला लेट मार्क आपल्याकडे सगळ्यांना कळतो, परदेशी माणसाशी बोलताना ‘आय वॉज मार्क्ड लेट’ म्हणा.

सराव करायचा तर रोज संध्याकाळी आपल्याच दिवसातली लेटची वाक्यं आधी मराठीत लिहा, जशी बोलतो तशीच, मग प्रत्येकात मला आहे का ते बघा, असेल तिथे आय करून ॲम किंवा वॉज टाका, मग ली चुकून लागलं का बघा, आणि मग मोठ्याने दोनदा म्हणा. मुदतीची वाक्यं पण यात घ्या, जास्तीत जास्त सोमवारपर्यंत द्या याला ‘बाय लेटेस्ट मंडे’ न म्हणता ‘बाय मंडे ॲट द लेटेस्ट’, दिवस आधी आणि लेटेस्ट शेवटी.