गोव्यातील पानगळीचे अरण्य तैलरंगात कसे रंगवावे

पानगळीचे अरण्य म्हटले की बहुतेक नवशिके चित्रकार थंड प्रदेशांतील नारिंगी मेपल वृक्ष डोळ्यांपुढे आणतात. गोव्याची पानगळ तशी नाही. मोले, बोंडला किंवा खोतीगावच्या रानात किंदळ, माट्टी (ऐन) यांसारखी झाडे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत पाने गाळतात, ती थंडीमुळे नव्हे, तर कोरड्या दिवसांत पाणी राखण्यासाठी. त्यामुळे येथे राखाडी खोडे, गवती पिवळा आणि विटकरी तपकिरी हेच मुख्य रंग असतात, तर ओढ्याकाठची सदाहरित झाडे त्याच वेळी गर्द हिरवी राहतात. हा विरोध चित्रात उतरला पाहिजे.

रंग उघडण्यापूर्वी सकाळच्या तिरप्या उन्हात जागेवर बसून पेन्सिलीने लहान रेखाटने करावीत. त्यांत उजेड, मध्यम छटा आणि गडद छाया एवढ्या तीनच पायऱ्या ठेवाव्यात. डोळे किलकिले करून पाहिल्यास पाने नाहीशी होऊन केवळ आकारांचे समूह दिसतात, आणि आपल्याला तेच रंगवायचे आहेत.

साधारण १२ × १६ इंचांचा, जेसो (रंगाखालचा पांढरा अस्तर-थर) लावलेला कॅनव्हास पुरे. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएन्नाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) हात त्यावर फिरवून तो कापडाने पुसून घ्यावा, म्हणजे पांढरा पृष्ठभाग डोळ्यांना दिपवत नाही आणि जांभ्या मातीची ऊब पुढच्या थरांतूनही डोकावत राहते. तो सुकल्यावर बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी रंगाने) आराखडा काढून गडद भाग भरावेत. हा रंग लवकर सुकतो म्हणून खालच्या थराला सोयीचा आहे.

खरे कसब करड्या छटांचे आहे. काळा रंग न वापरता अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएन्ना मिसळावेत. निळा वाढवला की छायेतील थंड करडा मिळतो, सिएन्ना वाढवला की उन्हातील खोडाचा उबदार करडा, आणि टिटॅनियम व्हाइटने दोन्ही हवे तितके उजळतात. दूरच्या डोंगरांसाठी पांढरा व निळा अधिक घ्यावा आणि उजेड-छायेतील अंतर कमी ठेवावे. माट्टीच्या सालीवरील चौकोनी भेगा पॅलेट नाइफच्या कडेने, ओल्या रंगातच ओढाव्यात. मात्र पुढच्या एक-दोन खोडांपुरत्याच, कारण सगळीकडे तपशील आला तर खोली हरवते. जमिनीवरील पाचोळ्यासाठी यलो ऑकर आणि सिएन्ना यांचे आडवे, तुटक फटकारे पुरतात. त्यावरच्या सावल्यांत किंचित जांभळी झाक द्यावी. एकेक पान रंगवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सावर किंवा पांगारा फुललेला असेल तर निष्पर्ण फांद्यांवरचा लाल रंग मन वेधून घेतो. तो शुद्ध स्वरूपात आणि एकाच ठिकाणी ठेवावा. माझ्या मते भोवतालचा करडा जितका संयत, तितका हा लाल बोलका होतो. गोव्यातील सांगे येथे जन्मलेले चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची मूळ तैलचित्रे पणजीतील फोंताइन्हास भागात, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात आहेत; जवळ जाऊन त्यांतील मंद छटा निरखाव्यात, कारण छापील प्रतींत त्या नीट कळत नाहीत.

खालच्या थरांत टर्पेंटाइन अधिक आणि वर चढत जाताना जवसाचे तेल अधिक, हा क्रम मोडू नये. वरचा थर आधी सुकला तर पुढे तडे जातात. जवसाचे तेल उडून नव्हे, तर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होते. याच प्रक्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून मगच टाकावीत. दमट हवेत चित्र सुकायला वेळ लागतो. वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने द्यावे, आणि पावसाळ्यात कॅनव्हास ओलसर भिंतीला टेकवून न ठेवता मागे हवा खेळेल असा ठेवावा, नाहीतर पाठीवर बुरशी धरते.