रूट कॅनालनंतर दाढ दुखतेय? या चुका टाळा

नस काढली तरी दाढेला हाडाशी धरून ठेवणारा मुळाभोवतीचा पडदा जिवंतच असतो आणि उपचारात तो दुखावतो. म्हणून चावताना दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर दुखतं. मात्र ते रोज थोडं कमी व्हायला हवं.

लोक सर्वांत जास्त अंगावर काढतात ते दाढेत भरलेलं, पण उंच राहिलेलं सिमेंट. तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते, प्रत्येक घासाला मुळावर दाब येतो. गोळ्यांनी हे थांबत नाही. भूल उतरल्यावर दात हलकेच मिटून पाहा. एकच दाढ आधी लागत असेल तर दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरांकडून घासून घ्या, काम पाच मिनिटांचं आहे.

ठणका चढल्यावर गोळी शोधणं ही दुसरी चूक. भूल असतानाच पेलाभर दूध पिऊन पहिली गोळी घ्या. मोठ्यांना सहसा आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी, एक-दोन दिवस देतात. किडनीचा त्रास, अल्सर, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाजारातल्या बऱ्याच जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, वर तापाची गोळी घेतली की डोस दुप्पट. पाकिटामागचं वाचा.

घरात उरलेलं अँटिबायोटिक नुसत्या दुखण्यावर काहीच करत नाही. लवंगेचं तेल बंद केलेल्या दाढेत उतरत नाही, हिरडी मात्र भाजते. सुजेवर गरम शेक नको. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर दहा-पंधरा मिनिटं धरा.

भूल असताना काही चावू नका, गाल चावला जातो. तात्पुरत्या सिमेंटवर इंदूरच्या सराफ्यातला कुरकुरीत गराडू (तळलेला कंद), शेव किंवा सुपारी नको. भुट्ट्याचा कीस चालेल, तोही दुसऱ्या बाजूने. दुखणं थांबलं म्हणून कॅप टाळणारे पुष्कळ. पोकळ झालेली दाढ मग एखाद्या दाण्यावर उभी चिरते आणि बहुतेक वेळा काढावीच लागते.

सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर रात्र असली तरी थेट इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या रुग्णालयात.

आणि आठवड्यानंतरही थंड शिकंजीने झणका येत असेल तर दुखरी दाढ शेजारची असू शकते, किंवा मुळातली एखादी बारीक नलिका साफ व्हायची राहिली असेल. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नलिका अनेकदा अशीच सुटते. एक्स-रे पुन्हा काढायला सांगा.