एनबीए प्लेऑफ्स पहिल्यांदा बघताय? मग एकच सिरीज धरा

एप्रिलमध्ये आपल्याकडे सगळे आयपीएलमध्ये बुडालेले असतात, पण त्याच वेळी तिकडे अमेरिकेत एनबीएचे, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल लीगचे, प्लेऑफ्स सुरू होतात आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं की बघायचे आहेत, सुरुवात कुठून करू. माझं सरळ उत्तर, हायलाइट्स सोडा, एक सिरीज निवडा आणि ती पहिल्या मॅचपासून शेवटपर्यंत बघा.

आधी फॉरमॅट पटकन. टीम्स ३०, ईस्ट आणि वेस्ट अशा दोन कॉन्फरन्समध्ये १५-१५, रेग्युलर सीझनला प्रत्येकीच्या ८२ मॅच. दोन्हीकडच्या पहिल्या सहा टीम थेट आत. सात ते दहा नंबरवाल्या प्ले-इन खेळतात, म्हणजे सातवी विरुद्ध आठवी, जिंकेल ती आत, नववी-दहावीत हरेल ती घरी, आणि मग पहिल्या मॅचमधली हरलेली आणि दुसरीतली जिंकलेली यांच्यात शेवटच्या जागेसाठी एक मॅच. प्ले-इनला हलक्यात घेऊ नका. २०२३ मध्ये मायामी हीट प्ले-इनची पहिली मॅच हरले होते, कसेबसे आठव्या नंबरवर आत आले, आणि पहिल्याच राऊंडला नंबर एकच्या मिलवॉकी बक्सला ४-१ ने घरी पाठवून पुढे थेट फायनलला गेले!

पुढे चार राऊंड, प्रत्येक सिरीजमध्ये आधी चार मॅच जिंकेल ती टीम पुढे. वरच्या नंबरवाल्या टीमच्या घरी पहिल्या दोन, मग दोन समोरच्यांच्या घरी, मग लागल्या तर एकेक आलटून पालटून. त्यामुळे २-० झालं म्हणून टीव्ही बंद करू नका, तिसरी मॅच बघा, कारण हरणारी टीम आता आपल्या घरी आपल्या लोकांसमोर खेळणार असते. ३-० झालं तर मात्र गोष्ट वेगळी, तिथून सिरीज जिंकलेली टीम २०२५ पर्यंत तरी एकही नाही.

आता खरी मजा. त्याच दोन टीम पुन्हा पुन्हा भेटतात, त्यामुळे कोच एकमेकांचे कच्चे दुवे शोधून काढतात. मॅच बघताना सारखं बॉलकडे बघू नका, डिफेन्समध्ये कोणाला टार्गेट केलं जातंय ते बघा. एक प्लेअर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभा राहून त्याला अडवतो, डिफेंडर आपापसात माणसं बदलतात, आणि अटॅक करणाऱ्याला समोर हवा तोच डिफेंडर मिळतो. २०१६ ची फायनल शोधून बघा, सातवी मॅच. रेग्युलर सीझनला ७३ मॅच जिंकलेली गोल्डन स्टेट वॉरियर्स ३-१ ने पुढे होती, क्लीव्हलँडने ३-३ केलं, सातव्या मॅचला शेवटचं मिनिट आणि स्कोअर ८९-८९. क्लीव्हलँडने स्क्रीन लावून वॉरियर्सच्या स्टेफ करीला आपल्या कायरी अर्विंगसमोर आणलं आणि कायरीने त्याच्यावरूनच थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंट्सचा शॉट, मारला. तो शॉट सगळे दाखवतात, पण त्याआधीचा स्क्रीन बघा, तो बघितल्याशिवाय त्या शॉटचं महत्त्व कळतच नाही.

अजून एक, बेंचकडे लक्ष ठेवा. रेग्युलर सीझनला नऊ-दहा जण आरामात खेळतात, प्लेऑफ्समध्ये कोच सात-आठ जणांवर येतो आणि मोठे प्लेअर चाळीस-चाळीस मिनिटं खेळतात. मग चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरला पाय जड होतात, शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर येतात. हे दिसायला लागलं की मॅच कळायला लागली समजा.

टीम कुठली धरायची असं असेल तर माझा जीव सॅक्रामेंटो किंग्जवर आहे, मालकांपैकी मुख्य विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि २०१९ मध्ये हीच टीम वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळून गेली. २०२३ ला १६ सीझननंतर प्लेऑफ्सला आले आणि वॉरियर्सविरुद्ध सातव्या मॅचमध्ये करीने ५० पॉइंट्स ठोकले, खूप वाईट वाटलं, पण ती सिरीज काय होती!

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे बहुतेक मॅच पहाटे साडेचार-पाचपासून असतात, वेस्टमधल्या बऱ्याचशा सकाळी साडेसातच्या आसपास, त्या ऑफिसआधी अर्ध्या तरी होतात. अमेरिकेतली तारीख एक दिवस मागे असते हे लक्षात ठेवा नाहीतर मॅच हुकेल. एनबीए ॲपवर लीग पास घेतला तर पूर्ण मॅच नंतरही बघता येते, फक्त स्कोअरची नोटिफिकेशन्स आधी बंद करा. आणि शेड्यूलमध्ये पाचवी, सहावी, सातवी मॅच ‘गरज पडल्यास’ अशी असते, त्या तिन्ही तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.