प्रबंधाची पीडीएफ एका आज्ञेत कशी तयार करावी

सबमिशनच्या आदल्या रात्री पीडीएफ उघडली तर जागोजागी छापलेलं: ‘आकृती ?? पाहा’. माझ्यावर ही वेळ आली होती. मजकूर बरोबर होता, फक्त लाटेक, म्हणजे खुणा घातलेल्या मजकुरातून पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर, एकदाच चालवलं होतं.

लाटेक आकृत्यांचे आणि पानांचे क्रमांक ऑक्स (.aux) या मदतनीस फाईलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या फेरीत तिथून वाचतं. त्यामुळे पहिल्या फेरीत अनुक्रमणिका रिकामी येते. दुसरीत ती भरते, पण तिनेच दोन-तीन पानं अडवली की पुढची पानं सरकतात आणि तिच्यातले आकडे चुकतात. मग तिसरी फेरी. संदर्भसूची तयार करणारं बिबर हे साधन मध्ये चालवायचं ते वेगळंच. हा हिशेब लिहिणाऱ्याने का ठेवावा? तो सॉफ्टवेअरनेच ठेवायला हवा. टायपस्ट हे लाटेकसारखंच नवं सॉफ्टवेअर तो ठेवतं, लाटेक ठेवत नाही.

म्हणून आधी लाटेकएमके (latexmk) वापरायला घ्या. जॉन कॉलिन्स यांची ही पर्ल भाषेतली स्क्रिप्ट टेक लाइव्ह या लाटेकच्या संचासोबतच येते. कोणती फाईल बदलली हे ती चेकसमवरून (फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्यावरून) ओळखते आणि लागतील तेवढ्याच फेऱ्या करते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये लाटेकएमकेआरसी (latexmkrc) नावाची फाईल करून पीडीएफ मोड 5 ($pdf_mode = 5;) ठरवून द्या. मग देवनागरी छापू शकणारं झीलाटेक हे लाटेकचं रूप दरवेळी सांगावं लागत नाही.

आकडेवारीवरून पायथनने आलेख काढत असाल, तर ते काम मेक (make) या साधनाकडे द्या. बेल लॅब्समध्ये 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं हे साधन फाईली शेवटच्या कधी बदलल्या त्या वेळा ताडून पाहतं. मेकचे नियम मेकफाईल (Makefile) नावाच्या फाईलमध्ये लिहायचे: डावीकडे आलेखाची फाईल, मग कोलन (:), मग आकडेवारी आणि स्क्रिप्टची नावं. खालच्या ओळीत आज्ञा, आणि तिची सुरुवात टॅबनेच करा. स्पेस दिल्यात तर मेक अडून बसतं, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

लाटेकच्या फेऱ्या मात्र मेकवर सोपवू नका. ऑक्स फाईल लाटेकच लिहितं आणि लाटेकच वाचतं. असं गोल फिरणारं अवलंबन मेकला झेपत नाही. शेवटच्या नियमात लाटेकएमकेला बोलवा आणि तो नियम ‘फोनी’ (.PHONY), म्हणजे फाईलींच्या वेळा न पाहता दरवेळी चालणारा, जाहीर करा, म्हणजे काही करायचं की नाही हे लाटेकएमकेच ठरवेल.

सबमिशनआधी लाटेकएमके हायफन आणि कॅपिटल सी (-C) देऊन चालवा. जुनी पीडीएफसुद्धा पुसली जाईल. सगळं नव्याने तयार करा आणि पीडीएफमध्ये ‘??’ शोधून पाहा.